करंगळी

जालना,
८ मे १९७३

प्रिय उत्पला,

हे पत्र मी उभ्यानेच लिहायला घेतलं आहे. बसलं की दोन ओळींत उठावंसं वाटतं, म्हणून तुझ्या आजीच्या धान्याच्या कोठीवर कागद ठेवला आहे. कोठी पत्र्याची आणि जवळजवळ रिकामी. पूर्णविराम जरा जोरात दिला की आतून टक्क असा आवाज येतो, आणि आजी ओसरीवरून विचारते, "काय ठोकून राह्यली गं?" उत्पलाला पत्र लिहितेय म्हटलं, तर म्हणाली, "मंग लिही जल्दी. पोरगी तिकडं वाट पाहून राह्यली असंल." तुझी तीन पत्रं आली आणि माझ्याकडून एकाचंही उत्तर गेलं नाही, हे तिला ठाऊक आहे. वाचता येत नसलं तरी पोस्टमन दारात थांबतो तेव्हा तिचं लक्ष त्याच्याकडे नसतं, माझ्या तोंडाकडे असतं.

मुंबईहून निघताना मी तुला आणि बाबांना सांगितलं होतं की आजीची तब्येत बरी नाही. आजीची तब्येत उत्तम आहे. टँकर आला की दोन घागरी घेऊन ती रांगेत सगळ्यांच्या पुढे असते, आणि मध्ये कुणी घुसलं तर त्याची खैर नसते. गेल्या दोन पावसाळ्यांत इकडे पाऊस म्हणावा असा झालाच नाही. कुंडलिकेच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळतात, आणि त्यांच्या बाजूलाच वाळूत झिरे खणून बायका वाटीवाटीने पाणी भरत बसलेल्या असतात. पुंजाराममामाला स्टेशनावर मालधक्क्यावर काम आहे म्हणून घर चाललं आहे. कौसल्यामामी दुष्काळी कामावर जाते, वाटूरकडच्या रस्त्यावर खडी फोडायला. सकाळी ती गेली की मी घर झाडते, भाकरी थापते, निवडण-टिपण करते आणि मग ओसरी ते मागचं दार अशा येरझारा घालते. आजी परवा म्हणाली, "बस गं एका जागी, तुला पाहूनच माझे पाय दुखायले." बसले. कुठे बसवतं?

तुला माझं लहानपण मी कधी नीट सांगितलंच नाही. तू विचारायचीस तेव्हा माझी बॅग भरायची असायची किंवा रिकामी करायची असायची. आज सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मी पियानो पहिल्यांदा ऐकला तो खालून. तुझे आजोबा, तातेराव, मिशनच्या बंगल्यावर माळी होते. तिथे शाळेची मोठी बाई राहायची, गोरी, उंच, तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं म्हणून सगळे तिला मिसबाई म्हणायचे. तिचा पियानो बोटीने आला होता आणि इकडचा उन्हाळा त्याला सोसत नव्हता. कोरड्या हवेने लाकूड तडकतं, तारा सैल पडतात. म्हणून चैत्र लागला की पियानोखाली पाण्याने भरलेली मोठी परात ठेवायची आणि रोज ती भरायची, असा मिसबाईचा हुकूम होता. ते काम माझ्याकडे आलं, कारण मी सहा वर्षांची होते आणि रांगत सहज पियानोखाली जाऊ शकत होते. एकदा मी आत असतानाच ती येऊन वाजवायला बसली. बाहेर पडायची भीती वाटली, म्हणून मी तिथेच गुडघे पोटाशी घेऊन बसले. उत्पला, तो आवाज वरून येत नव्हता, सगळीकडून येत होता. माझ्या दातांत येत होता. आणि परातीतलं पाणी थरथरत होतं. खालचे सूर आले की मोठ्या लाटा, वरचे सूर आले की नुसता बारीक काटा. त्यानंतर मी रोज परात भरून तिथेच दडून राहायला लागले. मिसबाई एके दिवशी वाजवता वाजवता मध्येच थांबली, आणि पुढचा तुकडा मी खालून गुणगुणले. मला कळलंही नाही मी काय केलं ते. वरून तिचा उलटा चेहरा खाली आला, चष्मा नाकावरून निसटलेला. तिने मला ओढून बाहेर काढलं, साबणाने माझे हात कोपरापर्यंत धुतले आणि स्टुलावर बसवलं.

आता आजीची गोष्ट ऐक, कारण ती स्वतः तुला कधी सांगणार नाही. पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या वस्तीची विहीर आटली. गावच्या विहिरी आम्हाला बंद होत्या. तो निजामाचा काळ, आणि कुणाचाही काळ असता तरी त्या बंदच होत्या. घरात माझा धाकटा भाऊ, तुझा पुंजाराममामा, तापाने फणफणलेला, आणि तुझे आजोबा तिकडे मिशनच्या विहिरीचं पाणी शेंदून पियानोला देत होते. आजी एक दिवस सरळ बंगल्यात शिरली. माझ्याशिवाय आमच्यातलं कुणी त्या दिवाणखान्यात पाय ठेवत नसे. तिने वाकून परात बाहेर ओढली, डोक्यावर घेतली आणि मिसबाईला म्हणाली, "लाकूड तडकलं तर दुसरं येईल बाई. माझं लेकरू गेलं तर कुठून आणू?" आणि चालती झाली. आजोबा दोन दिवस बंगल्याकडे फिरकले नाहीत. नोकरी गेली असंच त्यांनी धरलं होतं. तिसऱ्या दिवशी मिसबाई स्वतः वस्तीत आली आणि सांगून गेली की मिशनच्या विहिरीवर सगळ्यांनी यावं. त्या उन्हाळ्यात पियानोच्या आतल्या फळीला केसाएवढी चीर गेली. आजीने ती चीर कधी पाहिली नाही, पण तिचा विषय निघाला की ती अजून पदर सावरून ताठ बसते.

मी शिकत गेले. वस्तीत लोक बोलायचे की तातेरावाची पोरगी आता पाद्र्याची होणार. आजोबा एवढंच म्हणायचे, "ती बाजा शिकून राह्यली, धरम न्हाई." मिसबाई कडक होती. हाताच्या पाठीवर आणेलीचं नाणं ठेवायची आणि ते पडलं की पहिल्यापासून. माझ्या चुकांची तिला दया यायची नाही. मी अठरा वर्षांची झाल्यावर तिने मला मुंबईला नेलं, एका वसतिगृहात ठेवलं आणि एका पारशी बाईंच्या हवाली केलं. त्या बाईंनी पहिले सहा महिने मला फक्त दोन ओळी वाजवू दिल्या. घरी गेले की वस्तीतल्या पोरी विचारायच्या, मुंबईत काय शिकली, वाजवून दाखव. कशावर दाखवू? मी ओट्यावर बोटं चालवून दाखवायची आणि त्या हसून लोळायच्या. मग छप्पन्न साली आजोबांसाठी मी नागपूरला गेले. त्या अफाट गर्दीत ते माझ्या हातून सुटले. मी त्यांना शोधत होते आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक चष्मेवाला मास्तर त्याच्या आईला शोधत होता. दोघंही दीक्षा घेऊन परतलो तोवर आजोबा आणि ती आई एका झाडाखाली आमची वाट पाहत गप्पा मारत बसलेली होती. तो मास्तर म्हणजे तुझे बाबा.

तू दोन वर्षांची असताना मला लंडनची शिष्यवृत्ती मिळाली. मी बाबांना म्हटलं, नको. ते म्हणाले, "तू गेली नाहीस तर उत्पला मोठी झाल्यावर मी तिला काय सांगू?" पुढचं तुला कात्रणांवरून माहीत आहे. लंडन, मग व्हिएन्नाची स्पर्धा, तिथे दुसरी आले, आणि त्यानंतर दहा वर्षं मी बॅग पुरती रिकामी अशी कधी केलीच नाही. 'नंदा साळवे' हे नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं पाहून पहिल्या वर्षी मी रस्त्यात थांबायची. बेबीनंदा हे माझं पूर्ण नाव तिकडे कुणाला म्हणता आलं नसतं. समीक्षक माझ्या साडीबद्दल दोन ओळी लिहायचे आणि वाजवण्याबद्दल दीड. हॉटेलच्या खोल्या, ओले बूट, आगगाडीत मांडीवर घेऊन बोटं फिरवायची ती लाकडाची मुकी पट्टी. तुझा वाढदिवस आणि माझे कार्यक्रम हमखास एका दिवशी यायचे. पण मला त्यात फक्त त्रासच झाला असं तुला वाटू नये. एक संध्याकाळ सांगते. बेल्जियममधलं एक लहानसं गाव, बाहेर बर्फ, सभागृह तापवायचं यंत्र बंद पडलेलं, लोक कोट घालूनच बसलेले. मी एक संथ भाग वाजवत होते, आणि मध्येच असं झालं की मी वाजवत नव्हते. मी पियानोखाली बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन, आणि ते पाणी थरथरताना पाहत होते. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग एका म्हाताऱ्याने हातमोजे काढले, आणि मग सगळ्यांनी. तेवढ्या एका संध्याकाळसाठी मी सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला तयार आहे. हे लक्षात ठेव आणि मग पुढचं वाच.

आत्ता मी बाहेर जाऊन आले. टँकर आला असं वाटलं; नव्हता, बियाण्याच्या गोदामाचा ट्रक होता. आजी म्हणते ऊन लागेल, आत बस. बरं.

एकोणसत्तर साली लीड्सला सराव करताना एका उतरत्या ओळीत माझ्या उजव्या हाताची करंगळी पट्टीवर पडायच्या ऐवजी तळहाताकडे वळली. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, मी कुणाला तरी दाखवलं असतं. मला वाटलं, सराव कमी पडतोय. म्हणून वाढवला. सहा तासांचे आठ केले. करंगळी आणखी वळायला लागली आणि तिच्या सोबत अनामिकाही. मी करंगळी दोऱ्याने बांधून वाजवून पाहिलं, ती निळी पडेपर्यंत. ज्या रचनांत तिचं काम जास्त त्या कार्यक्रमातून काढून टाकल्या, आणि कुणी विचारलं तर सांगितलं, आता त्यात मन रमत नाही. उरलेल्यांत बोटांची सगळी मांडणी बदलली. त्या दोन बोटांचं काम उरलेल्या तीन बोटांवर टाकायचं आणि ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही, यात मी इतकी तरबेज झाले की एका समीक्षकाने त्याच वर्षी लिहिलं, हिच्या वाजवण्यात आता एक वेगळी सावधता आली आहे. हात दिसू नये म्हणून लोकांत मी तो पदराखाली घ्यायला लागले. तुला आठवत असेल, तू विचारायचीस, आई तुला थंडी वाजतेय का.

मँचेस्टरला एक म्हातारा डॉक्टर होता. अखेर मी त्याच्याकडे गेले, खोटं नाव सांगून. त्याने माझ्याकडून लिहून घेतलं, बटणं लावून घेतली, चमचा धरायला लावला. सगळं व्यवस्थित. मग त्याच्या बैठकीच्या खोलीत पियानो होता, तिथे नेलं आणि मी हात ठेवताच करंगळी आत. त्याने सांगितलं, असं कारकुनांना होतं, तार ठोकणाऱ्यांना होतं. एकच बारीक काम वर्षानुवर्षं केलं की त्या कामापुरता हात ऐकेनासा होतो. बाकी सगळं करतो, तेवढं करत नाही. त्याने विचारलं, किती वर्षं झाली. मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, "सुरू झालं तेव्हाच थांबला असतात तर मी तुम्हाला वर्षभर पियानोला हात लावू दिला नसता. कोवळा हात असला आणि लवकर थांबलं तर काहींचा परत येतो. तुमचं आता मला सांगता येणार नाही." मी त्याचे आभार मानले आणि संध्याकाळच्या गाडीने पुढच्या कार्यक्रमाला गेले.

तो खरं बोलत होता हे मला इथे रोज दिसतं. परवा कौसल्यामामी भाकरी विसरून गेली म्हणून मी कामावर द्यायला गेले. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग, एकेका ढिगापाशी बायका डोक्यावर ओला फडका घेऊन बसलेल्या. ओला म्हणजे सकाळी ओला असेल. मामी खात होती तेवढ्यात मी तिची हातोडी घेतली आणि फोडायला बसले. काय सांगू तुला! माझा उजवा हात हातोडीवर असा घट्ट बसला, पाची बोटं आपापल्या जागी, करंगळी सगळ्यात खाली मुठीला धरून. मी फोडत सुटले. शेजारी गोजरबाई म्हणून एक बाई होती. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हात तर बराबर चालून राह्यला तुमचा. मंग ही कौसल्या सांगती हात बिघडला म्हणून आल्यात." मी म्हटलं, बाजा वाजवायलाच तेवढा चालत नाही. तर ती म्हणाली, "मंग काय बिघडलं! सोडा तो बाजा अन् या आमच्यात. इथं बोटं वाकडी असली तरी हजेरी लागती." सगळ्या हसल्या, मीही हसले. एवढ्यात मुकादम बदरोद्दीन छत्री घेऊन आला. "ओ बाई, तुमचं नाव न्हाई हजेरीत. फुकटची खडी फोडू नका, साहेब मलाच बोलतील." मी हातोडी खाली ठेवली. परत येताना सगळ्या वाटेने मी माझ्या हाताकडे बघत होते, परक्याच्या हाताकडे बघावं तशी. जगातलं सगळं काम करायला तयार असलेला हात, आणि ज्या एका कामासाठी मी तो घडवला तेवढंच करायला तयार नसलेला.

आता जानेवारीतल्या त्या संध्याकाळचं. मुंबईतला माझा कार्यक्रम, आणि पहिल्यांदाच स्वरलिपीची पानं उलटायला तू. पांढऱ्या फ्रॉकमध्ये, माझ्या डाव्या हाताला खुर्ची घेऊन. उत्तरार्धात दुसरी रचना निम्मी झाली असताना मी हात उचलले, उभी राहिले, लोकांना नमस्कार केला आणि आत निघून गेले. पेपरात आलं, प्रकृती अस्वस्थ झाल्यामुळे. बाबांना मी त्या रात्री हाताचं सगळं सांगितलं आणि ते धरून चालले की हाताने दगा दिला. तू काय धरून चाललीस ते तुझ्या पत्रांत आहे. तिन्ही पत्रांत तू एकच विचारलं आहेस. आई, मी पान उशिरा उलटलं का? शेवटच्या पत्रात तर तू लिहिलंस की आता मी शाळेच्या आधी तीन तास आणि शाळेनंतर चार तास बसते, सप्टेंबरात लंडनच्या संगीतशाळेत जाईपर्यंत माझ्या हातून एकही चूक होणार नाही, मग तू परत येशील का? बाबांनीही लिहिलं आहे, पोरगी जेवतानाच काय ती पियानोवरून उठते. हे वाचल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही.

गेल्या शनिवारी मी मिशनच्या शाळेत गेले. मिसबाई कधीच मायदेशी गेली आणि वारलीही, पण तिचा पियानो शाळेच्या हॉलमध्ये आहे. सुट्टी असल्याने किल्ली राखणदार चांगुणाबाईकडे होती. ती कुलूप उघडताना म्हणाली, "उंदरं असतील बाई त्यात, सांभाळून." उंदीर नव्हते, धूळ होती. जानेवारीपासून मी एकाही पट्टीला हात लावला नव्हता. मुद्दामच. त्या डॉक्टरचं म्हणणं खरं की खोटं, हे मला माझ्याच हातावर बघायचं होतं, आणि त्यासाठी मला पियानोपासून लांब, जिथे तो सहज मिळणार नाही अशा ठिकाणी राहायला हवं होतं. म्हणून इथे आले. मी उजवा हात ठेवला आणि एक सप्तक चढून उतरले, अगदी सावकाश, पहिलीतलं पोर वाजवतं तसं. करंगळी सरळ राहिली. बाळा, चार वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या पायावर उभी राहिली. मी दुसऱ्यांदा वाजवलं आणि ती पुन्हा आत वळली. तिसऱ्यांदा मी वाजवलंच नाही. झाकण लावलं आणि डोक्यावर पदरही न घेता उन्हातून घरी आले. चार वर्षं छळलेला चाळिशीचा हात, चार महिन्यांच्या विश्रांतीनंतर एका सप्तकापुरता परत आला. म्हणजे डॉक्टर बरोबर होता. हात परत येतो. लवकर थांबलं तर येतो.

तू पान वेळेवर उलटलंस, उत्पला. माझ्या हातानेही दगा दिला नव्हता. त्या पानावरची सगळी बोटं मी केव्हाच बदलून ठेवली होती, मी सहज शेवटपर्यंत गेले असते. मी थांबले, कारण मी तुझा हात पाहिला. पट्ट्यांच्या डाव्या टोकाला जो लाकडी ठोकळा असतो त्यावर तुझा उजवा हात होता आणि तो माझ्याबरोबर मुक्याने वाजवत होता. उतरती ओळ आली आणि तुझी करंगळी आत वळली. तू डाव्या हाताने ती सरळ केलीस, ती पुन्हा वळली, आणि तू तो हात फ्रॉकच्या घडीत घेतलास. इतक्या सवयीने घेतलास की हे पहिल्यांदा होत नाही हे मला तिथेच कळलं. त्यानंतर एकही सूर वाजवणं मला शक्य नव्हतं. तुझ्याशी बोलले असते तर तू नाही म्हणाली असतीस, मीही तेच म्हटलं असतं. आणि थांब म्हणायला माझ्याकडे भीतीशिवाय काही नव्हतं. आता आहे. तार करणार होते, पण तारेत हे काय लिहू? पुंजाराममामाने रविवारच्या गाडीची जागा मिळवली आहे, मनमाडला गाडी बदलून सोमवारी सकाळी मी दादरला उतरेन. तोवर हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायला हवं, कारण तुझा एकेक दिवस जातो आहे. पियानोचं झाकण लाव, आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर. बाबांना सांग, सगळं सांग. लंडनची शाळा वर्षभर थांबेल; नाही थांबली तर दुसरी शोधू. तुला माझा राग येईल, येऊ दे, पण वाजवू नकोस. मी तुला एवढंच विचारणार आहे, कधीपासून? आणि स्टेशनावर येशील तेव्हा दोन्ही हात बाहेर ठेवून ये. मला ते लांबूनच दिसू देत.

तुझीच,
आई